दोन कोर, चार धागे

अमरावतीत खोली बघायला गेले तेव्हा घरमालकांनी माझं नाव विचारलं नाही की पगार विचारला नाही. माझ्या हातातली कापडी पिशवी मागून घेतली, तिच्या काठाचा सुटलेला एक दोरा दोन्ही अंगठ्यांच्या नखांत धरून हळूहळू ताणला, तुटल्यावर त्याच्या टोकाकडे डोळे बारीक करून पाहिलं आणि विचारलं, "कुठली हाये?"

"अकोटची," मी म्हटलं.

"तुमी नाई. पिशवी."

पिशवीही अकोटचीच होती. खोली मिळाली.

दुसऱ्या दिवशी काकूंनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, पाणी भरता भरता मला माझी ग्रेड सांगितली. मी एफएक्यू होते. सर्वसाधारण बऱ्या मालाला सरकारी खरेदीत एफएक्यू म्हणतात. पुढे 'ओलावा थोडा जास्त' असाही शेरा होता, कारण खोली मिळाल्यावर मी डोळे पुसले होते.

घरमालक जन्मभर कापूस खरेदी केंद्रावर ग्रेडर होते. गल्ली त्यांना ग्रेडरसाहेब म्हणायची, आम्ही भाडेकरू काकाजी. गाडीतल्या कापसात खांद्यापर्यंत हात घालून तळातला मूठभर कापूस काढायचा, धागा ताणायचा आणि एका शब्दात निकाल द्यायचा, ही त्यांची कामाची रीत. वरचा माल पाहून ग्रेड देणाऱ्याने जावई शोधायला जाऊ नये, असं ते म्हणत. नंतर वाईट वर्षं आली. भाव बसले, केंद्र दर हंगामाला आणखी उशिरा उघडायला लागलं आणि त्यांच्या नोकरीचं शेवटचं वर्ष त्यांनी रिकाम्या आवारात खुर्ची टाकून काढलं. तिथे हाताला काम उरलं नाही, म्हणून त्यांनी घरी येऊन जगाला ग्रेड द्यायला सुरुवात केली.

त्यातून कुणी सुटलं नाही. दूध रोज तपासलं जाई, पोहे शिजवण्याआधी आणि नंतर असे दोनदा. सत्यनारायण सांगायला आलेल्या गुरुजींना त्यांनी दक्षिणेसोबत 'माल सुपर, पण कचरा जास्त' असं ऐकवलं होतं. गुरुजींना वाटलं, अंगणाबद्दल बोलतायत. शेजारचे आजोबा गेले तेव्हा काकाजी सांत्वनाला गेले, बराच वेळ मान खाली घालून बसले आणि उठताना म्हणाले, "मानूस एफएक्यू होता." घरच्यांनी हुंदका दिला. आजोबांबद्दल इतकं बरं त्या गल्लीत कुणीच बोललं नव्हतं. सगळ्यात वरची ग्रेड सुपर आणि सगळ्यात खालची कवडी. किडीने पिवळा पडून बोंडातच चिकटून बसलेल्या कापसाला वऱ्हाडात कवडी म्हणतात. ती ग्रेड काकाजींनी पुढाऱ्यांसाठी राखून ठेवली होती.

दुसरं वेड अकोल्याचं. राहायचं अमरावतीत आणि खरेदी करायची अकोल्यात, हा त्यांचा नेम होता. साबण अकोल्याचा, छत्री अकोल्याची, काकूंचा चष्मासुद्धा अकोल्याचा. अमरावतीचा डॉक्टर डोळे तपासायचा आणि काच बसवायला माणूस एसटीने अकोल्याला जायचा. तरुणपणी त्यांनी अमरावतीच्या बाजारात चपला घेतल्या होत्या आणि घरी येऊन पाहिलं तर दोन्ही डाव्या पायाच्या निघाल्या होत्या. मी एकदा म्हटलं, की काकाजी, दुकानातच घालून बघायच्या होत्या. ते म्हणाले, घालून पाहिली होती, एक. त्यानंतर त्यांनी या शहराला माफ केलं नाही.

मला मात्र ते आठवतात ते एका प्रोसेसरमुळे. हा शब्द त्यांच्या तोंडी 'प्रोशेशर' असा यायचा आणि त्यात प्रेशर कुकरचा भास व्हायचा.

त्यांची मुलगी वैशाली, घरात वैशू. तिशीच्या अलीकडची, बोलायला कमी आणि हट्टाला पुरी. एका फोटो स्टुडिओत ती लग्नाच्या व्हिडिओचं मिक्सिंग करायची. म्हणजे शूटिंग कापायचं, जोडायचं, गाणी टाकायची, नवरीच्या चेहऱ्याभोवती गुलाबाची फुलं उधळायची. त्या वर्षांत वऱ्हाडातली लग्नं आटली होती. ज्याला त्याला खर्च टाळायचा होता, गावोगाव सामूहिक विवाह लागत होते, आणि स्टुडिओच्या मालकाने कंटाळून झेरॉक्सचं मशीन टाकलं. वैशूने त्यातूनच वाट काढली. एका मांडवात इतकी जोडपी उभी राहतात, पण प्रत्येक घराला आपली वेगळी सीडी हवीच असते, आणि त्या सीडीत मांडव आपल्या एकट्यासाठीच घातला होता असं दिसायला हवं असतं. चांदूर रेल्वेच्या एका समितीकडे जाऊन तिने हे पटवलं आणि मे महिन्यात होणाऱ्या सामूहिक विवाहाचं सगळं काम स्वतःच्या नावावर घेऊन आली. वेळेत दिलं तर पुढच्या हंगामाचंही तिलाच मिळणार होतं.

अडचण होती कम्प्युटरची. व्हिडिओचे सगळे तुकडे जुळवून झाले की शेवटी मशीनला त्यांची एक सलग फिल्म बनवायला लावायची असते. ते काम मध्येच थांबलं, की पुन्हा पहिल्यापासून. वैशूचं जुनं मशीन एका फिल्मला इतका वेळ खायचं की तेवढ्यात लाइन जायची. लाइन म्हणजे वीज. भारनियमनाचे दिवस होते आणि लाइन गेली की केलेलं सगळं वाया. घरात या प्रकाराला 'लग्न लागणं' असं नाव पडलं होतं. काकू स्वयंपाकघरातून विचारायच्या, "लागलं काय व लग्न?" आणि वैशू आतून सांगायची, "नाई. अंतरपाटातच लाइन गेली."

त्याच सुमारास काकाजींनी तिच्यासाठी शेंदूरजनाघाटचं एक स्थळ आणलं. मुलगा चाळिशीला टेकलेला, पण संत्र्याचे बगीचे बापजाद्यांचे, स्वभाव शांत, घरात सासू नाही. काकाजी तिथे जाऊन झाडांच्या बुंध्यांपर्यंत वाकून बघून आले होते आणि त्यांनी 'सुपर' दिला होता. वैशूची मुलाबद्दल तक्रार नव्हती. मुलाच्या मामांनी निरोप धाडला होता की मुलीने येताना कम्प्युटर आणायची गरज नाही, आमच्याकडे बायांना काम करायला लावत नाहीत. तिची तक्रार त्या वाक्याबद्दल होती.

चार दिवस घरात यावरून धुसफूस चालली. मग वैशूनेच करार मांडला. ठरल्या दिवसापर्यंत चांदूरची सगळी लग्नं लागली तर ती कुणासमोर बसणार नाही आणि हा विषय पुन्हा निघणार नाही. एकही राहिलं, तर शेंदूरजन्याला हो म्हणेल आणि मशीन विकून टाकेल. काकाजींनी ते मान्य केलं. शिवाय पाहुण्यांनाही त्याच दिवशी संध्याकाळी बोलावून टाकलं, म्हणजे पाहुणे दारात येतील तेव्हा जे असेल तो निकाल. नवीन मशीनची जुळवाजुळव करायची हेही त्यांनी मान्य केलं. फक्त एक अट घातली, की माल ते स्वतः पारखून घेतील आणि अकोल्याहून घेतील.

वैशूचा चेहरा पडला. ज्याला तिने हरावं असं वाटत होतं, तोच तिचं हत्यार निवडायला निघाला होता.

मला बरोबर घेतलं गेलं, कारण मी ज्युनिअर कॉलेजात इंग्रजी शिकवत होते आणि प्रोसेसरच्या डब्यावर सगळं इंग्रजीत लिहिलेलं असतं. मला कम्प्युटरमधलं ओ की ठो कळत नाही, हे मी परोपरीने सांगितलं. काकाजी म्हणाले, "तुमाले समजायची गरज नाई, मॅडम. तुमी फक्त वाचा. समजतो मी."

अकोल्याचं दुकान इरफानभाईंचं. बाजारातल्या एका गाळ्याचे दोन भाग केले होते. पुढच्या भागात त्यांचे थोरले भाऊ गाद्या भरायचे आणि मागच्या भागात इरफानभाई कम्प्युटर जुळवायचे. घराणं पिंजाऱ्यांचं. हवेत सदोदित कापूस तरंगत असायचा आणि तो मशीनमध्ये जाऊ नये म्हणून इरफानभाई मधला पडदा सारखा ओढायचे. इतक्या दुकानांमधून काकाजींनी हे का निवडलं, हे मला तिथे गेल्यावर कळलं. पिंजाऱ्याच्या घरचा माणूस आहे, याला धाग्याची जाण असणार, एवढा त्यांचा हिशेब होता. आत शिरण्याआधी त्यांनी भावाच्या ढिगातून चिमूटभर कापूस उचलला, ताणला आणि 'एफएक्यू' म्हणाले. भाऊ खूश झाले. चहा आला.

इरफानभाईंनी काउंटरवर तीन डबे मांडले. किंमत सांगायला तोंड उघडलं तेव्हा काकाजींनी हात वर केला. भाव नंतर, आधी माल. मग मी डबे वाचायला लागले. पहिल्यावर लिहिलं होतं, दोन कोर. दुसऱ्यावर दोन कोर, चार थ्रेड. तिसऱ्यावर चार कोर.

"ये तीसरा वाला सबसे तगडा," इरफानभाई म्हणाले. "चार कोर हाये याच्यात. थोडा महाग पडते, पण काम लवकर होते."

काकाजींनी तिसरा डबा हातात घेतला. उलटा केला, सुलटा केला, वजन केलं.

"चार कोर," ते म्हणाले. "म्हंजे चतकोर."

"हौ, वैसाच समझो."

"अन हा दोन कोरवाला म्हंजे अर्धी भाकर. अन घरी आमचं जुनं पडलं हाये, ते?"

"ते एक कोर."

"म्हंजे अख्खी."

इरफानभाईंना इथे पहिल्यांदा काहीतरी निसटल्याची जाणीव झाली, पण उशीर झाला होता. काकाजींनी डबा ठेवून दिला. घरात अख्खी भाकर असताना हा माणूस चतकोर दाखवतो आणि तिचे पैसे अख्ख्या भाकरीपेक्षा जास्त मागतो, याचा अर्थ काय, असं त्यांनी अतिशय शांतपणे विचारलं. इरफानभाई म्हणाले, काकाजी, उलटं आहे, जितके कोर जास्त तितकं चांगलं. आता तर आठ कोरचेही निघून राहिले. "आठ कोर म्हंजे नितकोर," काकाजी म्हणाले आणि उभे राहिले. चतकोराचं अर्धं नितकोर. तेवढा तुकडा आमच्याकडे कावळ्यासाठी ठेवतात.

आम्ही दुकानाबाहेर आलो. काकाजी उसाच्या रसाच्या गाड्यावर जाऊन बसले आणि अकोलासुद्धा बिघडलं, असं रसवाल्याला सांगू लागले. मी वैशूला म्हटलं, चल, दुसरं दुकान बघू. ती हलली नाही. ती बापासमोर जाऊन बसली.

"बाबा, आपल्या घरी पंगतीच्या वक्ती भाकरी कोन थापते?"

"तुही माय. अन एखांदी बाई लावतो आपन."

"त्या बाया म्हंजे कोर. दोन कोर म्हंजे दोन बाया. चार कोर म्हंजे चार बाया. भाकरीचे तुकडे नाई, भाकरी करनाऱ्या बाया."

काकाजींचा ग्लास तोंडाशी थांबला.

"आता एका बाईपाशी एकच तवा असला, तं भाकर शेकेलोक ते बाई बसून राह्यते," वैशू म्हणाली. "तिच्यापाशी दोन तवे देले, तं एकावर शेकते तवलोक ते दुसरी थापते. बाई तेच. थ्रेड म्हंजे तो जास्तीचा तवा."

 काकाजींनी उरलेला रस संपवला आणि म्हणाले, "थ्रेड म्हंजे तं धागा." वैशू म्हणाली, इंग्रजीत धागाच. काकाजींनी माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली. माझ्या त्या दिवसाच्या उपयोगाचा हा एवढाच क्षण.

ते परत दुकानात गेले आणि इरफानभाईंना म्हणाले, "चार बाया ठेवाची आपली ऐपत नाई. दोन बाया अन चार तवे दाखवा." मधल्या काळात दुकानातच पंख्याची हवा खात बसलेल्या आणि बाया-तव्यांचं काहीच न ऐकलेल्या इरफानभाईंचं काय झालं असेल ते त्यांचं त्यांना माहीत. त्यांनी मुकाट्याने दुसरा डबा पुढे केला.

पण काकाजींना आता वेगळीच काळजी लागली. डबा उघडून दाखवला, तर आत बोटाच्या चिमटीत मावेल एवढी चौकोनी चकती. वरून चकचकीत. आत हात घालायची सोय नाही, तळातला माल काढून बघायची सोय नाही. ग्रेडरने करायचं काय? त्यांनी चकती अंगठ्यांत धरण्याचा प्रयत्न केला, तेव्हा इरफानभाई अक्षरशः काउंटरवरून पुढे आले. शेवटी काकाजींनीच तोड सांगितली. पहिला डबा आणि दुसरा डबा, दोन्ही वेगवेगळ्या मशीनला बसवा आणि दोन्हींवर एकच लग्न लावा.

वैशूकडे पेनड्राइव्हमध्ये स्टुडिओत केलेल्या आधीच्या एका लग्नाचं थोडं शूटिंग होतं. इरफानभाईंनी दोन मशीनं शेजारी शेजारी मांडली. गादीवाले भाऊही काम टाकून पडद्यातून बघायला आले. एकाच नवरदेवाचं एकच लग्न दोन पडद्यांवर सुरू झालं आणि खालच्या पट्ट्या हळूहळू भरू लागल्या. काकाजी मधोमध खुर्ची टाकून बसले होते. दोन तव्यांच्या बाया सरळ सरळ पुढे गेल्या. दुसऱ्या मशीनचं लग्न लागलं, तेव्हा पहिल्याची अजून मंगलाष्टकं चालू होती.

"घरच्या कामाले पयला भी चलता," इरफानभाई म्हणाले. "सस्ता पडते. सोच लो."

मी काकाजींकडे पाहत होते. पहिला डबा उचलायला त्यांना काहीच लागलं नसतं. परवडत नाही, एवढं म्हटलं असतं तरी कुणी बोट दाखवलं नसतं, आणि चांदूरची अर्धी लग्नं भारनियमनात बुडाली असती. वैशू पाठ करून रस्त्याकडे बघत उभी होती.

"पयला एफएक्यू हाये," काकाजी म्हणाले. "हा दुसरा सुपर. दुसरा द्या. घरचं काम नाई हे. तिच्या पोटापान्याचं हाये."

येताना एसटीत वैशू जुळवलेल्या मशीनचा खोका मांडीवर घेऊन झोपली. मूर्तिजापूर गेल्यावर काकाजी खिडकीबाहेर बघत मला म्हणाले, "स्थळ चांगलं होतं, मॅडम." मी इंग्रजी शिकवते, काळ माझ्या कानाला लगेच कळतो. पण घरी पोचेपर्यंत त्यांनी 'होतं'चं पुन्हा 'हाये' करून टाकलं आणि काकूंना सांगितलं, की अकोल्याहून दोन बाया आणल्या, पण म्हणून पोरीचं लग्न मोडलेलं नाही. काकूंनी हातातला झारा खाली ठेवला. त्यांना खुलासा करण्यात रात्रीचं जेवण थंड झालं.

मे महिना उजाडला, चांदूरचा विवाह झाला आणि आमच्या घराला लगीनघाई लागली. लाइन असेल तेव्हा वैशू मशीनवर, नसेल तेव्हा झोपलेली. दिवसाला दोन दोन लग्नं लागत होती. काकूंचा मिक्सर बंद, माझी इस्त्री बंद. काकाजी दाराशी पहाऱ्याला. मधूनच ते आत जाऊन पडद्यावरच्या नवरदेवांना ग्रेड द्यायचे. सगळ्या नवऱ्या समितीने दिलेल्या एकसारख्या साड्यांत, सगळे नवरदेव एकाच रंगाच्या फेट्यात, त्यामुळे वैशू आधीच वैतागलेली असायची. एकदा काकाजी एका नवरदेवाकडे बोट दाखवून म्हणाले, "याच्यात ओलावा लय हाये, हा रडीन." तो पुढच्याच दृश्यात खरोखर रडला, नवरीच्या आधी. वैशू हसली आणि लगेच तिने बापाला खोलीबाहेर काढलं.

ठरलेला दिवस आला, तेव्हा एकच लग्न बाकी होतं. समितीची जीप संध्याकाळी सीड्या न्यायला येणार होती, पाहुणेही संध्याकाळीच यायचे होते, आणि लाइन दुपारपर्यंत राहणार असं वेळापत्रक होतं. ती सकाळीच गेली. जी गेली ती आलीच नाही. दुपारी वैशूने ठरवलं, घरातल्या इन्व्हर्टरवर शेवटचं लग्न लावायचं. बॅटरी जुनी होती. घरातलं बाकी सगळं बंद ठेवलं, तर या मशीनवर एक लग्न जेमतेम लागलं असतं. जुन्या मशीनवर तर तिने विचारसुद्धा केला नसता. काकाजींनी स्वतः फिरून फ्रीज, पंखे आणि कूलरची बटणं बंद केली. वैशूने आत जाऊन दार लोटलं आणि तासाभराने दारात जीप थांबली.

आम्हाला वाटलं समितीची. ती शेंदूरजनाघाटची होती. वऱ्हाडात वेळेवर कुणी येत नाही, हे पाहुणे वेळेआधी आले.

मुलगा होता, मामा होते आणि सोबत मध्यस्थ. वऱ्हाडात मे महिन्याच्या दुपारी घरात आलेल्या माणसाला पाण्याच्याही आधी कूलरपुढे बसवतात. तो पाहुणचाराचा पहिला भाग. काकाजींनी तिघांना कूलरपुढेच बसवलं, बंद कूलरपुढे. मी पाणी दिलं. मामांचा सदरा बघता बघता पाठीला चिकटला. मध्यस्थ पेपरने वारा घेऊ लागले. मुलगा शांतपणे घाम पुसत होता. काकाजी संत्र्यांच्या अंबिया बहाराबद्दल विचारत होते आणि मामा उत्तरं देता देता कूलरकडे बघत होते.

"लाइन नाई काय?" मामांनी शेवटी विचारलं.

"नाई."

"पन इन्व्हर्टर तं चालू दिसते. दिवा जळून राहिला."

"चालू हाये," काकाजी म्हणाले. खोटं बोलणं त्यांच्या हिशेबात बसत नसे.

"मंग कूलर लावा ना थोडा."

स्वयंपाकघराच्या दारातून काकूंनी खूण केली, पोरीला बोलावू का? करार मला पाठ होता. शेवटचं लग्न अजून लागलेलं नव्हतं आणि पाहुणे घरात बसले होते. कराराच्या शब्दाप्रमाणे वैशू हरली होती, तिला पोह्यांची बशी घेऊन बाहेर बोलावण्याचा काकाजींना पुरेपूर हक्क होता. काकाजींनी काकूंकडे पाहिलं, लोटलेल्या दाराकडे पाहिलं.

"कूलर नाई लावता येत," ते मामांना म्हणाले. "आत लग्न चालू हाये."

"कोनाचं लग्न?"

"वैशूचं."

मध्यस्थांच्या हातातला पेपर थांबला. मामांनी एकदा काकाजींकडे, एकदा माझ्याकडे पाहिलं. मी तोंड उघडलं आणि काकाजी माझ्याकडे न बघता म्हणाले, "मॅडम, मामाईले अजून पानी द्या."

"वैशू म्हंजे तुमची पोरगी?" मामांनी विचारलं.

"हौ. बस, हे शेवटचंच हाये."

"शेवटचं? याच्या आंधी झाले काय?"

"भल्ले झाले. या महिन्यात दिवसाले दोन दोन लागले."

मामा उठले.  आम्हाला मग कशाला बोलावलं, असं त्यांनी कसंबसं विचारलं. दोन्ही एकाच दिवशी ठेवलं होतं, काकाजी म्हणाले, आणि हेही अक्षर न् अक्षर खरं होतं. मध्यस्थांनी काहीतरी गैरसमज असेल म्हणून बघितलं, पण मामा तोवर चपला घालत होते. मुलगा सगळ्यात शेवटी उठला. त्याने पाण्याचा पेला नीट टेबलावर ठेवला आणि मला हळूच म्हणाला, "त्याईले शुभेच्छा सांगजा." मला त्याचं फार वाईट वाटलं. आजही वाटतं.

जीप गेली. मी काकाजींना म्हटलं, तुम्ही जन्मात खोटं बोलला नाहीत आणि आज हे काय केलंत.

"एक शबद खोटा दाखवा, मॅडम. तुमी तं भाषा शिकवता."

मी मनातल्या मनात सगळं पुन्हा तपासलं. एकही सापडला नाही. ते बंद कूलरपुढे मामांच्याच खुर्चीत जाऊन बसले, टोपी काढली, आणि त्यांच्या कपाळावरून घाम भुवयांत उतरत होता तरी तो त्यांनी पुसला नाही. असे बगीचे पुन्हा मिळणार नाहीत, असं ते स्वतःशीच बोलल्यासारखं बोलले. त्यांना ते स्थळ मनापासून हवं होतं. ते मला त्या वेळी कळलं, आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

बऱ्याच वेळाने आतलं दार उघडलं. वैशूचे केस कपाळाला चिकटले होते, हातात सीडी होती. "लागलं," ती म्हणाली आणि दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली. मग तिला टेबलावरचे पाण्याचे पेले दिसले.

"ते लोकं आल्ते काय, बाबा?"

काकाजी उठले. तिचा हात धरून त्यांनी तिला खुर्चीत बसवलं आणि बॅटरीत जेवढा जीव उरला होता तेवढा कूलरला लावला.

"आल्ते," ते म्हणाले. "त्याईले गरम झालं. गेले."